मुंबईचा "सीझन" ठरवला कोणी?

मुंबई बघायला कधी येऊ असं कुणी विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चूक नाहीये, तेव्हा घाम कमी येतो हे खरंच, पण हा सीझन आला कुठून ते बघायला गेलं तर त्यात हवेइतकाच हात बोटींचा आणि गोऱ्या साहेबांचा आहे.

शिडाच्या जहाजांच्या काळात पावसाळ्यात हा किनारा जवळपास बंदच असायचा, नैऋत्येचा वारा आणि खवळलेला दर्या, कोळी होड्या वर ओढून ठेवायचे आणि नारळी पुनवेला नारळ सोडल्यावरच परत पाण्यात घालायचे. त्यात बेटांच्या मधे खाजणं, चिखल, तापाच्या साथी. सतराव्या शतकात इथल्या इंग्रजांत म्हणच पडली होती की मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं.

पुढे वाफेच्या बोटी आल्या, १८६९ ला सुएझ कालवा उघडला, तरी पाहुण्यांचं कॅलेंडर तेच राहिलं. कारण गव्हर्नरसाहेब आणि सगळा लवाजमा उन्हाळ्यात महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंडीत आणि थंडी पडली की मुंबईत. राजघराण्याच्या तारखाच बघा ना, एक प्रिन्स ऑफ वेल्स आला ८ नोव्हेंबर १८७५ ला, पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ ला, पुढचा प्रिन्स १७ नोव्हेंबर १९२१ ला. गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४. आणि शेवटची गोरी पलटण त्याच कमानीखालून गेली २८ फेब्रुवारी १९४८ ला, म्हणजे जातानासुद्धा सीझन पुरता उपभोगून गेले लेकाचे!

बरं, फेब्रुवारी संपला की काय होतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं. सगळ्यांना वाटतं मे सगळ्यात वाईट, पण सांताक्रूझला ४१.७ डिग्री लागलेत ते मार्चमध्ये, १९५६ साली. जमिनीकडून पूर्वेचा कोरडा वारा सुटतो आणि समुद्राचा वारा दुपारी उशिरा येतो, तोवर शहर भाजून निघतं. मे मध्ये पारा त्यामानाने खाली, पण चिकचिक अशी की शर्ट अंगाला चिकटलेलाच.

पावसाळ्याला ऑफ सीझन म्हणणाऱ्यांना पहिला धक्का दिला अरबांनी. १९७० नंतर आखातात तेलाचा पैसा आला आणि तिकडच्या फॅमिल्या वाळवंटातला उन्हाळा टाळून खास पाऊस बघायला कुलाबा आणि मरीन ड्राइव्हच्या हॉटेलांत येऊन राहायला लागल्या. मला तर त्यांचंच बरोबर वाटतं, मुंबई बघायची तर भिजलेलीच. फक्त जून ते ऑगस्ट घारापुरीच्या लाँचचा भरवसा धरू नका, आणि "आज मुंबईत पाऊस" या बातमीवर तर अजिबात जाऊ नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७३.

आणि हो, ऑक्टोबरचं बुकिंग करणाऱ्यांसाठी, पाऊस परत जायची सरासरी तारीख आधी २९ सप्टेंबर होती, २०२० पासून हवामान खात्याने ती ८ ऑक्टोबर केली आहे. तो गेला की लगेच ऑक्टोबर हिट, थंडी नाही.