वंशावळ : वतनाच्या भांडणापासून घरच्या वहीपर्यंत

पुण्याच्या पुराभिलेखागाराला जुने लोक अजूनही पेशवे दफ्तर म्हणतात. आपल्या घराण्याचा माग काढण्यासाठी तेथे येणाऱ्या हौशी अभ्यासकाला एक गोष्ट लवकरच कळून चुकते. समोर आलेली वंशावळ पूर्वजांची आठवण राहावी म्हणून लिहिलेली नसते. ती बहुधा एखाद्या तंट्यात पुरावा म्हणून मांडलेली असते. हे ध्यानात घेतल्याशिवाय तिच्यातले एकही नाव नीट वाचता येत नाही, असे माझे मत आहे.

घरात पिढ्यांची आठवण ठेवण्याची गरज तशी मर्यादित होती. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पुरुषांची नावे उच्चारली की विधी पुरा होई. त्यापलीकडची नावे जपली ती वतनाने, म्हणजे गावातल्या कामाच्या आणि मानाच्या हक्काने. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण, महारकी ही सगळी वतने वंशपरंपरेने चालत आणि भावाभावांत वाटली जात. त्यामुळे थोरली शाखा कोणती, होळीच्या पोळीचा मान कोणाचा, पोळ्याला कोणाचा बैल आधी निघायचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत. असा वाद गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी आणि वतनदारांच्या न्यायसभेपुढे, आला की दोन्ही पक्ष आपापला करीना सांगत, म्हणजे मूळ पुरुषापासून स्वतःपर्यंतची हकीकत पिढीवार कथन करीत, आणि निवाडा झाल्यावर साक्षीदारांच्या नावांसह महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई. साहजिकच ज्याला जी शाखा अडचणीची, ती त्याच्या करीन्यात गाळली जाण्याचा किंवा निःसंतान दाखवली जाण्याचा संभव असे. एकाच घराण्याच्या दोन शाखांच्या वंशावळी जुळल्या नाहीत, तर दोन्ही शेजारी ठेवून भांडण कशाचे होते ते आधी शोधावे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली तरी ही गरज संपली नाही, उलट वाढली. इनाम जमिनींचे हक्क तपासण्यासाठी कंपनी सरकारने १८५२ चा अकरावा कायदा करून इनाम कमिशनला अधिकार दिले. जमीन कोणी दिली, कोणाला दिली आणि आजचा धारक मूळ इनामदाराचा कोण लागतो, हे सिद्ध करण्यासाठी असंख्य कुटुंबांना कैफियती आणि वंशावळी दाखल कराव्या लागल्या. हे कागद आणि पेशव्यांच्या कारभाराचे कागद पुण्यात एकत्र आले, आणि १८९१ च्या सुमारास त्यांच्यासाठी दगडी इमारत उभी राहिली. तेथे कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी कापडाचे गाठोडे. ते सोडले की आत लांबट, घडी पडलेले कागद निघतात. त्यांवर आधी आडवी रेघ ओढून घेतलेली असते आणि तिच्याखाली बोरूने, हात फारसा न उचलता, मोडी अक्षरे लटकवलेली असतात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. गावाचे आणि आडनावाचे रूप आधी ठाऊक नसेल, तर ओळ कोठे तोडावी हेच कळत नाही.

काळाचा हिशेबही वेगळा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे अरबी शब्द कागदावर दिसले की एक, साठ, शंभर आणि हजार अशी बेरीज करून शुहूर सन ११६१ काढावा लागतो. हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने ते १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंतचे ठरते. पानिपतची लढाई याच वर्षातली, १४ जानेवारी १७६१ ची.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरचे आणि फडताळांतले कागद मिळवले आणि ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्यानंतर घरचा कागद ही राखण्याची वस्तू आहे, ही जाणीव मध्यमवर्गात रुजली. विसाव्या शतकात छापलेले कुलवृत्तांत, म्हणजे एकेका घराण्याच्या इतिहासाची पुस्तके, विशेषतः कोकणस्थ घराण्यांची, याच वातावरणात वाढले. त्यांचे मोल मोठे आहे. पण त्यांत ज्यांच्याकडे कागद होता त्यांचाच इतिहास आला, आणि तोही बहुतेक पुरुषांचा. माझ्या पणजीचे माहेरचे नाव मला आमच्या वंशावळीत मिळाले नाही. ते त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मिळाले. आडनाव आणि मूळ गाव विचारून गुरुजींनी लांबट वही उघडली, तर त्या पानावर पणजोबांच्या स्वतःच्या अक्षरात बायकोचे नाव आणि तिच्या वडिलांचे गाव होते. मी ते पान बराच वेळ पाहत बसलो. दफ्तरात मात्र बाईचे नाव येते ते बहुधा ती विधवा होऊन दत्तक घेते तेव्हा, कारण तेव्हा वतन तिच्या हातून पुढे जाणार असते.

ज्यांच्याकडे वतन नव्हते, त्यांचा माग शाळेच्या जनरल रजिस्टरात, फेरफाराच्या नोंदींत आणि गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदबुकात, लागतो. हीच कागदपत्रे आज जातीच्या दाखल्यासाठी शोधली जातात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि तो आजोबा-पणजोबांच्या नावाचा असेल तर सोबत वंशावळही जोडावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची मागणी एकाएकी वाढली. मोडी शिकायला पूर्वी इतिहासाचे विद्यार्थी येत. आता पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे ते स्वतः वाचायचे म्हणून शेतकरी कुटुंबांतली मुलेही बाराखडी गिरवू लागली आहेत.