सस्पेन्शन लिफ्ट आणि मोठे टायर

खडबडीत वाटेवर चालवायच्या मोटारगाडीचा सांगाडा (चॅसिस) तिच्या ॲक्सलपासून, म्हणजे चाकांच्या आसापासून, मूळ उंचीपेक्षा वर नेण्यासाठी स्प्रिंग, पाटे (लीफ स्प्रिंग) किंवा त्यांच्या बैठकीत जो बदल करतात, त्याला सस्पेन्शन लिफ्ट म्हणतात. गॅरेजच्या बोलीत ‘गाडी दोन इंच उचलली’ एवढ्यावर भागते. साधारणपणे ३० ते ५० मि.मी. वाढीला मर्यादित लिफ्ट समजतात व प्रस्तुत नोंद तेवढ्यापुरतीच आहे. लिफ्टबरोबर मूळ मापापेक्षा मोठे टायर घालण्याची प्रथा असल्याने दोन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. परंतु लिफ्टने सांगाडा वर जातो, ॲक्सल आहे तेथेच राहतो. ॲक्सलच्या मधल्या गोळ्याची, म्हणजे डिफरन्शियलची, जमिनीपासूनची उंची केवळ टायरने वाढते व तीही व्यासात झालेल्या वाढीच्या निम्मीच. चॅसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून केवळ बॉडी वर नेण्याचा ‘बॉडी लिफ्ट’ हा प्रकार वेगळा असून त्याने चॅसिसखालची मोकळी जागा मुळीच वाढत नाही.

उगम : आधी टायर मोठा झाला की आधी गाडी उचलली गेली, याबद्दल मतभेद आहे. एका मतानुसार दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नागरिकांच्या हाती आलेल्या लष्करी जीपपासून या प्रथेची सुरुवात होते. १९४१ ते १९४५ या काळात विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. त्यांचे टायर ६·००-१६ या अरुंद मापाचे होते आणि पाटे ॲक्सलच्या खालून बसवलेले होते. पाटे खालून काढून ॲक्सलच्या वर बसवले, की ॲक्सलच्या नळीची आणि पाट्यांच्या थराची मिळून जेवढी जाडी असेल तेवढी गाडी उंच होते. त्यासाठी नवीन पाटे लागत नाहीत. स्प्रिंगची बैठक नव्याने वेल्ड करावी लागते. घरच्या घरी करता येणारा हा बदल सर्वांत जुना असावा, असे या मताचे म्हणणे आहे. दुसऱ्या मतानुसार १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शेतीच्या वाहनांचे रुंद टायर गाड्यांना बसवले जाऊ लागले, ते मडगार्डला घासू लागले आणि त्यावर उपाय म्हणून लिफ्ट आली. विक्रीच्या तयार संचापुरते पाहिले तर दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे, कारण मूळ अरुंद टायरवर चालणाऱ्या जीपला उंचीची अडचण फारशी नव्हतीच. १९७६ मध्ये रेडियल बांधणीचा ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी व कच्च्या अशा दोन्ही वाटांसाठीचा, टायर बाजारात आला आणि रोजच्या रस्त्यावरही चालणारा मोठा टायर ही कल्पना रूढ झाली.

भारतात महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. तिचे वर्ष कोठे १९४७, तर कोठे १९४९ असे दिले जाते. करार आणि माझगावची प्रत्यक्ष जुळणी यांच्यातील अंतरामुळे हा फरक पडला असावा. डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीतही चारही चाकांना पाटे होते व ते ॲक्सलच्या खालीच होते, त्यामुळे पाटे वर बसवण्याची जुनी युक्ती तिलाही लागू पडली. २०१० च्या थारच्या सीआरडीई या डिझेल प्रकारात पुढे टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचे काम करणारा दांडा) व मागे पाटे, २०२० च्या थारमध्ये पुढे स्वतंत्र डबल विशबोन (प्रत्येक चाक दोन हातांवर वेगवेगळे हलणारी रचना) व मागे अखंड ॲक्सलवर (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस) कॉइल स्प्रिंग, तर २०२३ च्या पाच दारांच्या जिम्नीत दोन्हीकडे अखंड ॲक्सल व कॉइल स्प्रिंग आहेत. कोणती लिफ्ट योग्य, हे गाडीच्या नावापेक्षा या रचनेवर ठरते.

रचना व तंत्र : पाट्यांच्या गाडीत एखादा पाटा वाढवणे, जास्त बाक असलेले पाटे घालणे किंवा शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारी हलती कडी) लांब करणे, असे तीन सोपे मार्ग आहेत. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते आणि ॲक्सल मध्यावर असतो, म्हणून शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी एकच इंच उंच होते. शिवाय पाटा तिरपा झाल्याने ॲक्सलही फिरतो आणि ॲक्सलला शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) वेडावाकडा कोन येतो. टॉर्शन बारच्या गाडीत बोल्ट आवळून पुढचा भाग वर घेता येतो. ही उंची फुकट मिळाल्यासारखी वाटते, पण चाकाला खाली लटकण्यासाठी असलेली वाट तेवढीच कमी होते आणि खड्ड्यात चाक हवेत राहते.

अखंड ॲक्सल व कॉइल स्प्रिंग यांच्या रचनेत दोन भूमितीय परिणाम महत्त्वाचे आहेत. पहिला कास्टर कोनाचा, म्हणजे पुढचे चाक ज्या आसावर वळते त्याच्या मागे झुकण्याचा. जिम्नीच्या पुढच्या ॲक्सलला धरून ठेवणारे हात ॲक्सलशी जवळजवळ घट्ट जोडलेले असतात. सांगाडा वर गेला की हात खाली झुकतो आणि त्याच्याबरोबर ॲक्सलही तेवढ्याच कोनातून फिरतो. हात ६५० मि.मी. लांब मानला आणि लिफ्ट ५० मि.मी. धरली, तर हा कोन सुमारे ४·४ अंश येतो. कास्टर एवढा घटला की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही, वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते, आणि मालक मात्र अलायनमेंटवाल्याकडे फेऱ्या मारत राहतो, ज्याला या ॲक्सलवर टो-इनपलीकडे (पुढची चाके समोरून किंचित आत वळवण्यापलीकडे) फारसे काही करता येत नाही. बाजूला सारलेल्या भोकाचे बुश बसवून हा कोन परत मिळवतात. दुसरा परिणाम आडव्या दांड्याचा. या दांड्याचे एक टोक चॅसिसला आणि दुसरे ॲक्सलला असल्याने सांगाडा वर जाताना ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. लांबी कमीजास्त करता येणारा दांडा घातल्यास तो मध्यावर आणता येतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रश्न वेगळा असतो. तेथे लिफ्टने ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट नेहमीच तिरपा चालतो आणि त्याचे रबरी आवरण लवकर फाटते. पुढच्या स्प्रिंगवर स्पेसर घालून दोन इंचांपुढे जाऊ नये, हा संकेत या जॉइंटमुळेच पडला आहे.

मोठ्या टायरसाठी लिफ्ट लागतेच, हा समज सर्वत्र आढळतो. लिफ्टने बदलते ती चाकाच्या विसाव्याची जागा. चाक वर जाण्याची शेवटची मर्यादा बदलत नाही. खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली की चाकाचे वर जाणे बम्प स्टॉपला (ते अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकून थांबते, आणि बम्प स्टॉप मूळचाच असेल तर लिफ्ट असो वा नसो, चाक मडगार्डच्या आत अगदी तेवढेच शिरते. याचा अर्थ, पूर्ण दबलेल्या अवस्थेत घासणारा टायर लिफ्टनंतरही घासणारच. फक्त घासण्याचे प्रसंग विरळ होतात. यावर खरा उपाय बम्प स्टॉप लांब करण्याचा, परंतु त्याने दबण्याची वाट कमी होते. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर टायर चॅसिसला किंवा कंट्रोल आर्मला घासत असेल, तर त्या घासण्याचा लिफ्टशी संबंध नाही. तो रिमच्या ऑफसेटचा, म्हणजे चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसते याचा, प्रश्न आहे. म्हणून टायरचे माप आधी ठरवून, ते पूर्ण दबलेल्या व पूर्ण वळलेल्या अवस्थेत तपासून, उरलेल्या गरजेपुरती लिफ्ट निवडणे हाच क्रम अधिक सयुक्तिक ठरतो. व्यवहारात बहुधा उलट होते.

तपासणीची पद्धत साधी आहे. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर खडू फासतात, पुढचे एक चाक उंच ओट्यावर किंवा दगडी कडेवर चढवतात आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवतात. जेथे खडू पुसला जातो तेथे टायर लागतो. लिफ्टची उंची जमिनीपासून मोजत नाहीत, कारण त्यात टायर आणि हवेचा दाब दोन्ही मिसळतात. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप धरून, टाकी भरलेली असताना, बदलापूर्वी आणि नंतर असे चारही चाकांना माप घेतात. लोखंडी बंपर व विंच (रुतलेली गाडी ओढण्याचे यंत्र) बसवलेल्या गाडीत जाहिरातीतल्या दोन इंचांपैकी बराच भाग त्या वजनाखाली दबतो, हे या मापात लगेच दिसते.

टायरची निवड : २४५/७५ आर १६ या मापात २४५ मि.मी. रुंदी, रुंदीच्या ७५ टक्के भिंत आणि १६ इंची रिम असते. त्यावरून व्यास सुमारे ७७४ मि.मी. येतो. २०२० च्या थारच्या एका प्रकाराचे हे माप. त्याऐवजी २६५/७५ आर १६ घातल्यास व्यास ८०४ मि.मी. होतो, म्हणजे ३० मि.मी. वाढतो आणि डिफरन्शियलखाली १५ मि.मी. मिळतात. स्पीडोमीटर ६० दाखवत असताना चाकाच्या हिशेबाने गाडी ६२ च्या थोडी पुढे असते. गिअर जवळजवळ चार टक्क्यांनी लांब झाल्याचा परिणाम चढावर जाणवतो. २८५/७० आर १७ पर्यंत गेल्यास हीच वाढ सात टक्क्यांवर जाते. तेथे मर्यादित लिफ्टची कक्षा संपते. टायर जड झाल्याने ब्रेकवर ताण येतो आणि तो भार स्प्रिंगच्या खालचा असल्याने शॉकअपचे कामही वाढते. लोड इंडेक्स, म्हणजे टायर पेलू शकणाऱ्या भाराचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नसावा. चिखलासाठीच्या मड-टेरेन टायरवर बहुधा क्यू ही वेगखूण असते, तिचा अर्थ ताशी १६० कि.मी.

रुंद की अरुंद, हा वाद मातीच्या प्रकारावर अवलंबून आहे. टायरचा जमिनीशी येणारा स्पर्श मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरतो. रुंदीने त्या स्पर्शाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे नाही. वाळूत तरंगण्यासाठी रुंद टायर व कमी दाब उपयोगी पडतो. मातीचा हा फरक नागपूर जिल्ह्याच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. हा जिल्हा दख्खनच्या लाव्हा थराच्या पूर्व कडेवर आहे. पश्चिमेला काटोल, कळमेश्वरकडे काळी कापसाची जमीन आहे. पावसाळ्यात तिचा जो गारा होतो तो टायरच्या खाचांत लगद्यासारखा बसतो आणि ऑल-टेरेन टायर काही फेऱ्यांतच गुळगुळीत रोळासारखा होतो. मोठ्या उघड्या खाचांचा मड-टेरेन टायर हा गारा फेकून देऊ शकतो, पण त्यासाठी चाक जोरात फिरावे लागते. काळ्या मातीचा थर पातळ असून खाली मुरूम असेल, तर अरुंद टायर थर कापून मुरमापर्यंत पोहोचतो आणि पकड घेतो. थर खोल असेल तर हेच गाडी रुतण्याचे कारण होते. पूर्वेला रामटेक, मौदा भागात धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या वाटांवर पाणी साचून राहते. पांदण रस्त्याने जाऊन शेताचा धुरा (बांध) ओलांडायचा तर टायरपेक्षा लिफ्टच अधिक कामाची, कारण तेथे अडतो तो चॅसिसचा मधला भाग. वर्षातला बहुतेक काळ गाडी डांबरी रस्त्यावर किंवा मुरमावर चालते, हे लक्षात घेता या भागासाठी एक माप मोठा ऑल-टेरेन टायर पुरेसा ठरतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दाब सकाळी, टायर थंड असतानाच मोजावा.

याच भागातील पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी व खुर्सापार फाटकांवरून जाणाऱ्या उघड्या जिप्सी ठरलेल्या जंगलरस्त्यांवरूनच फिरतात. त्यांच्या बाबतीत लिफ्टपेक्षा पाटे आणि बुश वेळेवर बदलणे महत्त्वाचे.

स्थैर्य व कायदा : लिफ्टने गुरुत्वमध्य वर जातो. चाकांमधील अंतर १,५२० मि.मी. आणि गुरुत्वमध्याची उंची ७२० मि.मी. मानली, तर गाडी कलंडण्याचा सैद्धांतिक कोन सुमारे ४६·५ अंश येतो; गुरुत्वमध्य ५० मि.मी. वर गेल्यास तो ४४·६ अंश होतो. प्रत्यक्षात स्प्रिंग झुकत असल्याने दोन्ही आकडे आणखी कमी भरतात.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. लिफ्टचा उल्लेख प्रमाणपत्रात नसतो, म्हणून ती या कलमाबाहेर आहे, असा एक अर्थ लावला जातो. केरळातील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाचे मूळ विनिर्देश हाच निकष धरला. तो पाहता हा सैल अर्थ टिकणे कठीण आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. उत्पादकाने त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला दिलेले मोठे माप खालच्या प्रकाराला घालणे हा तुलनेने निर्धोक मार्ग मानतात. विमा कंपनीला बदल कळवला नसल्यास अपघातानंतर दाव्यावर हरकत येऊ शकते.