सिराह आणि शिराझ : द्राक्ष एक, चवी अनेक

‘सिराह घेऊ की शिराझ?’ असं ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात. या दोन्ही रेड वाइनच्या बाटल्यांत द्राक्ष एकच असतं, मूळचं फ्रान्सचं. फ्रान्समध्ये त्याला सिराह म्हणतात, ऑस्ट्रेलियात शिराझ. १८३२ मध्ये द्राक्षशेतीचे जाणकार जेम्स बझबी यांनी त्याच्या काड्या ऑस्ट्रेलियात नेल्या. चव बदलते ती मुख्यतः हवामानाने, आणि नंतर वाइन बनवणाऱ्याच्या हाताने.

फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातल्या उतारांवर हे द्राक्ष सावकाश पिकतं. तिथल्या वाइनमध्ये आंबटपणा ठसठशीत असतो, अल्कोहोल बहुधा १३ टक्क्यांच्या आसपास आणि वासाला चक्क काळी मिरी! हे वर्णन काव्य नव्हे. मिरीला तिचा वास देणारं रोटनडोन हेच द्रव्य या द्राक्षाच्या सालीत असतं आणि थंड जागी, थंड वर्षी ते जास्त तयार होतं. म्हणून एकाच मळ्याची दोन वर्षांची वाइनही सारखी लागत नाही. याच खोऱ्यातल्या कोर्नास गावच्या वाइनमध्ये नियमानुसार फक्त सिराह चालते. ती तरुणपणी चांगलीच तुरट असते. याच खोऱ्यातल्या कोत-रोती भागात मात्र व्हियोनिये हे पांढरं द्राक्ष २० टक्क्यांपर्यंत सोबत आंबवायला परवानगी आहे. त्याच्या थोड्याशा साथीनेही वाइनला फुलांचा सुगंध येतो.

ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात ऊन भरपूर. द्राक्षं पूर्ण पिकतात, साखर वाढते, अल्कोहोल १४ ते १५ टक्क्यांवर जातं. वाइन दाट, जिभेवर मऊ. तिला पिकलेल्या काळ्या बेरींची चव. अमेरिकन ओक लाकडाच्या पिंपात मुरवली असेल तर व्हॅनिला आणि नारळाचा वासही येतो. ही गोडसर वाटली तरी बहुतेक वेळा साखर उरलेली नसते. तो भास पक्व फळाचा आणि ओकचा.

लेबलवरून अंदाज येतो, पण पूर्ण भरवसा ठेवू नका. ऑस्ट्रेलियाच्या थंड भागांतले काही उत्पादक आपल्या मिरीदार वाइनला मुद्दाम ‘सिराह’ म्हणतात. आमचा सल्ला : नावाआधी प्रदेश आणि अल्कोहोलचा आकडा वाचा.

दोन्ही शेजारी ठेवून चाखायच्या असतील तर १६ ते १८ अंश सेल्सियसला ओता. त्याहून गरम झाल्या की अल्कोहोल नाकात चढतं. कोवळी कोर्नास तासभर आधी उघडून दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवा. आणि सुरुवात ऱ्होनपासून करा. बरोसा आधी घेतली तर तिच्या दाटपणापुढे ऱ्होन उगाच पातळ वाटते.