वापरणाऱ्यांनी सोडवून आणलेलं ब्लेंडर

मार्च २०२५ मध्ये ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं आणि ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं नाव घरोघरी पोचलं. अख्खा चित्रपट ज्यात झाला ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतं, याचं अनेकांना नवल वाटलं. पण ते फुकट झालं कसं, ही गोष्ट मला ऑस्करपेक्षा मोठी वाटते.

टॉन रोझेन्डाल हा डच माणूस. निओजिओ नावाच्या ॲनिमेशन स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक. स्टुडिओच्या घरच्या कामासाठी त्याने १९९४ च्या सुरुवातीला ब्लेंडर लिहायला घेतलं. १९९८ मध्ये ‘नॉट अ नंबर’ ही कंपनी काढून तो ते जगभर नेऊ लागला. गुंतवणूकदार आले, माणसं वाढली, पण विक्रीचं गणित जमेना. २००२ च्या सुरुवातीला गुंतवणूकदारांनी हात आखडते घेतले आणि कंपनी बंद पडली. सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखाणाची, मालकी गुंतवणूकदारांकडे; म्हणजे ज्याने ब्लेंडर लिहिलं त्यालाच त्यात हात घालायची मुभा उरली नाही.

रोझेन्डालने ब्लेंडर फाउंडेशन उभं केलं आणि गुंतवणूकदारांशी थेट सौदा केला: एक लाख युरो द्या, कोड घ्या. जुलै २००२ मध्ये वर्गणी सुरू झाली. कंपनीचे जुने कर्मचारी आणि जगभरचे वापरणारे पुढे आले आणि अवघ्या सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. गहाण पडलेला दागिना घरच्यांनी मिळून सोडवावा, तसं हे झालं. १३ ऑक्टोबर २००२ ला सगळा कोड ग्नू जीपीएल परवान्याखाली खुला झाला. या परवान्याची अट साधी पण पक्की आहे: कोड घ्या, बदला, विका, मात्र सुधारलेली आवृत्ती दुसऱ्याला द्याल तर तिचा कोडही द्या. त्यामुळे पुढे कुणाचीही कंपनी बुडाली, तरी ब्लेंडर पुन्हा कुलपात जाणार नव्हतं.

कोड मिळाला, पण तो खऱ्या कामाला पुरतो का? याचा कस लावायला फाउंडेशनने स्वतःच लघुपट काढले. २००६ मध्ये ‘एलिफंट्स ड्रीम’ आला. २००८ चा ‘बिग बक बनी’ करताना सशाच्या अंगावरची लव जमेना, म्हणून केस-लव घडवायची साधनंच सुधारली आणि ती सगळ्यांच्या हाती आली. चित्रपटांच्या मूळ फायलीही खुल्या ठेवल्या. नवख्याला ससा उघडून त्याची हाडं, सांधे, पोत असं सगळं चाचपता येतं. याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

२०१९ च्या २.८० आवृत्तीने चेहरामोहरा बदलला. तोवर वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण दाबावं लागे. नवे लोक तिथेच अडखळत. त्याच आवृत्तीत ईव्ही हे झटपट रेंडर करणारं, म्हणजे रचलेल्या दृश्याचं अंतिम चित्र तयार करणारं इंजिन आलं. ‘फ्लो’ त्यावरच रेंडर झाला.

द्विमितीय ॲनिमेशनमधल्या सिनफिग या सॉफ्टवेअरची कहाणीही याच वळणाची आहे: स्टुडिओ बंद पडल्यावर २००५ मध्ये त्याचा कोड खुला झाला. जपानच्या घिब्ली स्टुडिओने वर्षानुवर्षं वापरलेलं टून्झ हे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ओपनटून्झ म्हणून खुलं झालं. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ब्लेंडर आणि सिनफिग या दोन्हींचे धडे आहेत, तेही मोफत.