ओपन सोर्स डेटाबेसवरचा धंदा आणि मोंगोडीबीचा २०१८ चा तो निर्णय

इंदुरात कुणी ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या डेटाबेसवर क्लाउड कंपनी काढायची म्हटली, की बोलणं भांडवल आणि सर्व्हरच्या भाड्यावर येतं. लायसन्स, म्हणजे तो कोड वापरायच्या अटींचा कागद, कुणी उघडूनही बघत नाही. खरं तर गेल्या काही वर्षांत या क्षेत्रातली सगळी मोठी भांडणं त्या कागदावरूनच झाली आहेत.

पोस्टग्रेस या डेटाबेसचं काम १९८६ मध्ये एका अमेरिकन विद्यापीठात सुरू झालं, मायएसक्यूएल १९९५ चा. तेव्हा डेटाबेस कंपन्यांचं पोट सपोर्ट आणि व्यावसायिक लायसन्सवर भरायचं. २००९ मध्ये एका बड्या क्लाउड कंपनीने मायएसक्यूएल तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि गणित फिरलं. बॅकअप, पॅच सगळं ती बघणार, भाडंही तीच घेणार. मूळ कोड लिहिणाऱ्यांना त्यातला वाटा देणं बंधनकारक नव्हतं.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने एजीपीएल हे लायसन्स सोडलं आणि एसएसपीएल हे स्वतःचं लायसन्स आणलं. एजीपीएलमध्ये तुम्ही डेटाबेसमध्ये बदल करून तो नेटवर्कवर वापरायला दिलात, तर बदललेला कोड खुला करावा लागतो. एसएसपीएलचं कलम १३ याच्या फार पुढे जातं. डेटाबेस सेवा म्हणून विकलात, तर मॉनिटरिंग, बॅकअप, होस्टिंग, युजर इंटरफेस या सगळ्यांचा सोर्स त्याच लायसन्सखाली द्यायचा. सियागंजातल्या व्यापाऱ्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरमागे मोंगोडीबी ठेवला, तर हे कलम आड येत नाही, असा कंपनीचा खुलासा आहे. पण तोच डेटाबेस इंदुरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना होस्ट करून विकायला घेतला, की कलम लागू. नव्या कंपनीकडे विकण्यासारखं असतं ते हेच भोवतालचं काम, आणि तेच उघडं करून द्यायचं!

बडे क्लाउडवाले आपला कोड विकून कमावतात आणि वाटा देत नाहीत, ही मोंगोडीबीच्या कंपनीची तक्रार खरी होती, पण मार बसला तो लहानांना. जानेवारी २०१९ मध्ये त्या बड्या क्लाउड कंपनीने मोंगोडीबीशी सुसंगत अशी स्वतःची सेवा आणली आणि कलमाला वळसा घातला. तसं वेगळं इंजिन उभं करणं छोट्या टीमच्या आवाक्याबाहेरचं आहे. ओपन सोर्स लायसन्सना मान्यता देणाऱ्या संस्थेकडे एसएसपीएलसाठी केलेला अर्जही मोंगोडीबीच्या कंपनीने त्याच वर्षी मागे घेतला. काही लिनक्स वितरणांनी, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांनी, मोंगोडीबी वगळला.

पुढे हेच पुन्हा घडलं. इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनने २०२१ मध्ये लायसन्स बदललं आणि ओपनसर्च हा फोर्क, म्हणजे जुन्या खुल्या कोडवरून वेगळा काढलेला प्रकल्प, निघाला. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने बदललं, तेव्हा काही दिवसांतच व्हॅल्की हा त्याचा फोर्क उभा राहिला. मग इलॅस्टिकसर्चने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय दिला, तोवर फोर्क स्थिरावले होते.

पोस्टग्रेसवर ही वेळ आली नाही. त्याचं लायसन्स सैल आहे आणि कोडचा कॉपीराइट एका कंपनीच्या मुठीत नाही. म्हणून इथल्या नव्या टीमने लायसन्स वाचताना कॉन्ट्रिब्युटर करारही वाचावा. बाहेरच्यांनी दिलेल्या कोडचं लायसन्स पुढे बदलायचा हक्क कुणाकडे जातो, ते त्यातच लिहिलेलं असतं.