‘विजयी जीवन’ हा शब्द आपल्याकडे आला कुठून

ऐरोली-घणसोली पट्ट्यात दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या तरी हॉलबाहेर फ्लेक्स लागतो, ‘विजयी ख्रिस्ती जीवन, तीन दिवस उपवास प्रार्थना’. आत गेलं की विजय या एका शब्दाखाली सगळं येतं, दारू सुटली तो विजय, व्हिसा लागला तो विजय, रिपोर्ट नॉर्मल आला तोही विजय. आणि प्रत्येक साक्षीच्या, म्हणजे लोक उभं राहून सांगतात त्या अनुभवाच्या, शेवटी एकच वाक्य, विश्वासाने मिळवलं. हे वाक्य दिसतं तेवढं सरळ नाहीये. त्याच्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाद आपल्याला कोणी सांगतच नाही.

सुरुवातीचं थोडक्यात. बायबलच्या नव्या करारात योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात जगावर जय मिळवला तो आपला विश्वास, असं आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘नीके’ हा शब्द आहे, त्या काळी रोमन नाण्यांवर असलेल्या विजयदेवीचं ग्रीक नाव तेच. म्हणजे बादशहाच्या सैन्याचा शब्द उचलून तो छळ सोसणाऱ्या लोकांसाठी वापरला. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातही जिंकतात ते मारणारे नाहीत, मेलेले आहेत. लांब कशाला जायचं, आपल्या ठाण्यातच १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्यांना सोपाऱ्याला पुरलं आणि काही वर्षांनी दुसऱ्या एका साधूने त्यांच्या अस्थी पार चीनपर्यंत नेल्या. तेव्हाच्या चर्चच्या भाषेत ते चौघं विजयी होते. आज तलावपाळीला फिरणाऱ्या किती ख्रिस्ती लोकांना हे माहीत असेल? मला स्वतःला चाळिशीत कळलं.

पुढे १५१७ नंतरची धर्मसुधारणा आली, तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासाने होतं हा मुद्दा तिथे पक्का झाला, ते सगळ्यांना माहीतच आहे. पण तारण झाल्यावर रोजच्या पापाचं काय, हा प्रश्न उरलाच. १७३८ नंतर मेथॉडिस्ट मंडळी म्हणायला लागली की प्रीतीतली पूर्णता, म्हणजे मनात देवाची आणि माणसांची प्रीतीच भरून राहणं, याच आयुष्यात मिळू शकते. इथून गोष्ट तापायला लागते.

खरं वळण १८७५ चं. इंग्लंडच्या उत्तरेला केसिक नावाचं तलावाकाठचं छोटं गाव आहे, तिथे एका तंबूत काही दिवसांच्या सभा झाल्या. मुख्य वक्ता अमेरिकेचा होता, पण त्याच्याभोवती वादळ उठलं आणि सभेच्या तोंडावर त्याचं येणं रद्द झालं, तरी स्थानिक पाळकाने सभा घेतल्याच. तिथलं शिक्षण असं, की जसं तारण विश्वासाने घेतलं तसंच पवित्रीकरणही, म्हणजे तारणानंतर रोज पवित्र होत जाणंही, विश्वासाने घ्यायचं, धडपड थांबवायची, स्वतःला पूर्ण सोपवायचं, मग पापावर विजय मिळतो. पुढे त्याचा आठवड्याचा क्रमच ठरला, सोमवारी पाप, मंगळवारी देवाने केलेली सोय, बुधवारी समर्पण, गुरुवारी आत्म्याने भरणं, शुक्रवारी सेवा. आपल्याकडच्या कन्व्हेन्शनचा क्रम बघा, ओळखीचा वाटेल.

आता गंमत नाही, गांभीर्याने सांगतो, इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीय. त्याच काळात काही अमेरिकन मंडळ्या म्हणत होत्या की पापाचं मूळच उपटलं जातं. केसिकवाले तसं म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं, मूळ तिथेच राहतं, पण ख्रिस्ताचं सामर्थ्य त्याला दाबून ठेवतं. आपल्या सोसायटीत पाणी अकराव्या मजल्यावर चढतं म्हणून गुरुत्वाकर्षण कुठे गेलेलं नसतं, पंप चालू आहे तोवर पाणी वर जातं, बस, तसं. आणि तिसरा गट म्हणाला की दोन्ही चूक. १८७७ मध्ये एका अँग्लिकन पाळकाने, जो पुढे बिशप झाला, पुस्तकच काढलं की पवित्र होण्यात लढाई आहे, घाम आहे, नुसतं सोपवून बसायचं असं नव्या करारात नाही. सगळा झगडा प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायावर. ‘किती मी कष्टी माणूस’ हे पौल विश्वासी म्हणून बोलतोय की त्याआधीचा? केसिकवाल्यांसाठी सातवा अध्याय म्हणजे हरलेला ख्रिस्ती, त्याने आठव्यात यायचं, तिथे ‘महाविजयी’ आहे. दुसरे म्हणतात सातवा आणि आठवा दोन्ही एकाच माणसाचे, मरेपर्यंत. मला दुसरं पटतं. पण पहिल्या शिकवणीने किती थकलेल्या लोकांना उभं केलं तेही खोटं म्हणता येणार नाही.

हे सगळं महाराष्ट्रात यायला वेळ लागला नाही. १८८२ मध्ये मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती संस्था, मुंबईत उतरली, गणवेश, झेंडे, मिरवणुका, म्हणजे लढाई आणि जय ही भाषा थेट रस्त्यावर. आणि केडगावला ज्या बाईंनी निराधार मुलींसाठी मुक्ती सदन उभं केलं त्या १८९८ ला स्वतः केसिकला जाऊन आल्या होत्या. १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी मुलींबरोबर रोजची प्रार्थना सुरू केली आणि जूनअखेर तिथे जी जागृती झाली तिची बातमी जगभर गेली. त्यातल्या मुली कोण होत्या हे विसरू नये, दुष्काळातून आलेल्या, बालविधवा. त्यांच्यासाठी विजय म्हणजे व्हिसा नव्हता, पश्चात्तापाने रडणं आणि मग शांती, हा त्यांचा विजय होता.

मग विसाव्या शतकात अमेरिकेतूनच आणखी एक लाट आली. विश्वास म्हणजे एक शक्ती, तोंडाने कबूल करायचं, क्लेम करायचं, मिळतं. कॅसेट, मग टीव्ही, मग मोबाइल. इथे शब्द तोच राहिला आणि अर्थ पार फिरला, विश्वास हे माप झालं, कमी-जास्त. मराठीत खरं तर असं होऊ नये. आपण ‘विश्वास’ म्हणतो आणि त्याच शब्दातून ‘विश्वासू’ येतो, ग्रीक ‘पिस्तिस’मध्येही भरवसा आणि निष्ठा हे दोन्ही अर्थ आहेत. आपल्याकडे कोणी म्हणालं, माझा त्याच्यावर विश्वास आहे, तर आपण विचारतो तो माणूस कसा आहे, तुझा विश्वास किती किलो असं विचारत नाही. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वासही पुरतो, हे येशूचं बोलणं याच्यासाठीच तर आहे. आणि योहानाच्या त्या ओळीतलं क्रियापद झालेल्या गोष्टीचं आहे, जय मिळवला, मराठी बायबलमध्येही तसंच ठेवलंय.

हे मी एवढं का धरून बसलोय ते सांगतो. आईचं डायलिसिस चालू होतं, ठाण्याला, आठवड्यातून तीनदा. एका संध्याकाळी प्रार्थना गटातले दोघं घरी आले, प्रेमाने आले, सफरचंदं घेऊन आले, आणि जाताना म्हणाले, मावशी, विश्वास कमी पडतोय. त्यानंतर आईने दुखतंय म्हणून सांगायचंच सोडलं. हाताला सुईच्या जागी कापूस दाबून बसलेली असायची, रिक्षात एकदा मला विचारलं, मी कुठे चुकले का रे? मला तेव्हा केसिक माहीत नव्हतं, सातवा अध्याय माहीत नव्हता, काही सांगता आलं नाही.

आपल्या मराठी मंडळ्यांत मातीच्या वेळी करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचतात, ‘अरे मरणा, तुझा विजय कोठे? अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ विजय हा शब्द तिथेही येतो, कबरीच्या काठावर, समोर पेटी असताना. आईच्या वेळी ते वाचायला त्या दोघांपैकीच एक जण उभा राहिला. ‘नांगी’ शब्दाला त्याचा आवाज गेला, पुस्तक हातात तसंच राहिलं, मग वहिनीने त्याच्या बाजूला उभं राहून पुढच्या ओळी वाचल्या.