निकाल राखून ठेवलेली गाडी

मागच्या फेब्रुवारीत माझ्या बारा वर्षांच्या गाडीची बॅटरी बसली. न्यू जर्सीच्या थंडीत यात नवल काही नाही. नवी बॅटरी टाकली, गाडी पहिल्यासारखी सुरू झाली, आणि त्याच शनिवारी मी ती राज्याच्या प्रदूषण तपासणीला घेऊन गेलो. बिघाड दाखवणारा चेक इंजिनचा दिवा बंद, इंजिनाचा आवाज सुरेख. तपासनिसाने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला वायर जोडली, थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि कागद हातात ठेवला: ‘नॉट रेडी’. पास झाल्याचा स्टिकर नाही.

आपल्याकडे पीयूसी काढताना सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात. इथे आता बहुतेक गाड्यांच्या धुराकडे कुणी बघतही नाही. 1996 पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक पेट्रोल मोटारीत ओबीडी-टू ही यंत्रणा असते. गाडीचा संगणक चालता चालता स्वतःचीच तपासणी करतो आणि तपासणी केंद्र फक्त त्याचा अहवाल वाचतं. यातल्या एकेका तपासणीला म्हणतात मॉनिटर. इंजिनात ठिणगी चुकते का, पेट्रोल-हवेचं प्रमाण बरोबर आहे का, हे मॉनिटर सतत चालू असतात. बाकीचे हट्टी. ठरावीक तापमान, ठरावीक वेग, ठरावीक वेळ असं सगळं जुळून आलं तरच ते कामाला लागतात.

बॅटरी काढली किंवा स्कॅनरने, म्हणजे त्या सॉकेटला जोडायच्या यंत्राने, संगणकातला जुना बिघाडाचा कोड पुसला, की त्यांचे निकालही पुसले जातात. हे मुद्दाम केलेलं आहे. नाहीतर कुणीही केंद्राच्या फाटकाबाहेर दिवा विझवून आत शिरला असता. म्हणून ‘नॉट रेडी’ म्हणजे नापास नव्हे. बोर्डाच्या भाषेत सांगायचं तर निकाल राखून ठेवला आहे. हे मी ठासून सांगतो, कारण तो कागद पाहून घाबरलेली माणसं थेट गॅरेज गाठतात आणि चांगले चालणारे सेन्सर बदलून घेतात. पैसे टाकून मॉनिटर पूर्ण होत नाही, गाडी चालवून होतो.

पण कशी चालवून? इंजिनाचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचंच बघा. त्याच्या आत सिरियम ऑक्साइडचा थर असतो. जादा ऑक्सिजन आला की तो धरून ठेवतो, कमी पडला की सोडतो. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर. पुढच्याचा व्होल्टेज साधारण 0.1 ते 0.9 मध्ये सारखा वरखाली नाचतो. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागच्याची रेघ जवळपास सपाट राहते. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला, तर कन्व्हर्टर थकला. ही तुलना करायला कन्व्हर्टर चांगला तापलेला हवा आणि वेग काही मिनिटं एकसारखा हवा. सिग्नलमागून सिग्नल लागणाऱ्या रूट वनवर महिनाभर फिरलात तरी तो योग येणार नाही. दोनशे सत्त्याऐंशी महामार्गावर सकाळी लवकर पंधरा मिनिटं ताशी 55 मैलांनी गेलात, तर बहुधा येईल. मग पुढचा-मागचा रस्ता मोकळा असेल तेव्हा ब्रेकला हात न लावता नुसता अॅक्सिलरेटर सोडायचा. पेट्रोल काही क्षण बंद होतं, धुराच्या नळीत नुसती हवा जाते, आणि सेन्सरचा व्होल्टेज किती चटकन खाली येतो हे संगणक त्यातून जोखतो.

खरा छळवादी मॉनिटर म्हणजे इव्हॅप. पेट्रोलची वाफ टाकीतून हवेत निसटू नये यासाठीची ही व्यवस्था. संगणक टाकी आणि तिच्या नळ्या बंद करतो, आत किंचित निर्वात निर्माण करतो आणि तो टिकतो का ते बघतो. नव्या गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरचं भोकसुद्धा यात सापडलं पाहिजे! एवढ्या बारीक मोजमापाला बाकी सगळं शांत लागतं. टाकी काठोकाठ भरलेली चालत नाही, तळाला गेलेलीही नाही. पाव ते पाऊण यांच्या मधे ठेवावी. गाडी आठेक तास उभी राहून इंजिन आणि बाहेरची हवा एका तापमानाला आलेली हवीत. शिवाय बऱ्याच गाड्यांत हवा साधारण 4 ते 35 अंश सेल्सियसमध्ये असावी लागते, आणि आमचा फेब्रुवारी तिथेच आडवा येतो. काही गाड्या हे काम मालक झोपल्यावर उरकतात. टोयोटाच्या कित्येक गाड्यांत किल्ली काढल्यावर पाच तासांनी संगणक आपोआप जागा होतो आणि एक छोटा पंप चालवतो. रात्री गॅरेजात उभ्या गाडीच्या मागच्या बाजूने बारीक गुणगुण ऐकू आली तर घाबरू नका.

हे नखरे ठाऊक असल्यामुळेच नियमात थोडी सवड आहे. केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या सूचनेनुसार 1996 ते 2000 मॉडेलच्या गाड्यांना दोन मॉनिटर अपुरे चालतात, 2001 पासूनच्यांना एक. कॅलिफोर्निया जास्त कडक आहे. तिथे 2000 पासूनच्या पेट्रोल गाडीला फक्त इव्हॅपचीच सूट मिळते.

मी एक स्वस्तातला स्कॅनर घेतला आणि तो फोनला जोडला. पहिल्या दिवशी मॉनिटरांच्या यादीत फुल्याच फुल्या. रोज सकाळी थंड इंजिन सुरू करायचं, दोन-तीन मिनिटं जागीच चालू ठेवायचं, मग महामार्ग, मग गावातला रस्ता. मधे कोड पुसायचा नाही, बॅटरीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन सेन्सर आणि त्याच्या हीटरसमोर हिरवी खूण आली. कन्व्हर्टरने पाच दिवस घेतले. ती खूण उमटली तेव्हा मी घराच्या फाटकात गाडी उभी करून फोनकडे बघत होतो, आणि बायको खिडकीतून ‘आत येताय ना?’ म्हणून विचारत होती.

कोड पुसून पळवाट काढणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. 2010 च्या सुमारापासूनच्या गाड्यांत ‘कायमस्वरूपी कोड’ असतो. तो स्कॅनरने जात नाही, बॅटरी काढूनही जात नाही. दोष खरोखर दूर झाला आणि संबंधित मॉनिटरने तशी खात्री केली, तरच गाडी स्वतः तो मिटवते. 2019 पासून कॅलिफोर्नियाची तपासणी हे कोडही बघते.

नवव्या दिवशी मी पुन्हा केंद्रावर गेलो. इव्हॅपसमोर अजून फुलीच होती, बाकी सगळं हिरवं. तेवढ्यावर स्टिकर मिळाला. इव्हॅपची खूण उमटली ती एप्रिलमध्ये, थंडी ओसरल्यावर, टाकी निम्मी असताना.